शीलाकाकूंचा माहजोंग

शिवानी डोंबिवलीशेजारी आमच्या कोपरला आली ती कामाच्या दिवशी, भर दुपारी, न कळवता. गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकत होतं. शीलाकाकू दारात पाटावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. आमची दारं समोरासमोर आणि दुपारची दोन्ही उघडी असतात, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यादेखत झालं.

"आई, आत चला ना," शिवानी म्हणाली.

काकूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या उठल्याच नाहीत. "इथेच सांग. सलिलचं काय?"

सलिल हा काकूंचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. शिवानी त्याची बायको. त्यांचा फ्लॅट ठाण्याला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये. मुलगी सान्वी पाचवीत. शिवानीने जिन्याचा कठडा धरला आणि एका दमात सांगून टाकलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात, बंदुका घेतलेली माणसं जहाजावर चढली होती. जहाज त्यांच्या ताब्यात होतं. कंपनीचा फोन नुकताच आलेला.

"माणसं?" काकूंनी विचारलं.

"सगळी जिवंत आहेत म्हणतायत."

"म्हणतायत, की आहेत?"

काकूंनी कोथिंबीर तशीच पाटावर टाकली, गॅस बंद केला, दोन साड्या आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. रडल्या नाहीत. ते शिवानीच्या मनात राहिलं, हे पुढे तिनेच मला सांगितलं.

शीलाकाकू मूळच्या दाभोळकडच्या, लग्न होऊन डोंबिवलीत आलेल्या. त्यांचे यजमान विश्रामकाका बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. त्यांच्याबरोबर हाँगकाँगचा एक फिटर होता, त्याने काकांना माहजोंग शिकवला. खेळ रमीच्या जातीचा, फक्त पत्त्यांच्या जागी हस्तिदंती रंगाच्या सोंगट्या, आणि खेळायला चार माणसं लागतात. सुट्टीवर आल्यावर काकांना इथे जोडीदार मिळेना, म्हणून एका खेपेला ते अख्खी पेटीच घेऊन आले आणि बायकोला शिकवलं. ते परत बोटीवर गेल्यावर काकूंनी शेजारच्या तिघींना शिकवलं. त्यातली एक माझी आई, विमलाबाई.

चिनी अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. गोल चिन्हांना त्या चकल्या म्हणायच्या, बांबूंना काड्या, आणि अक्षरांच्या सोंगट्यांना सह्या, कारण कुणीतरी घाईत केलेल्या सहीसारखंच ते दिसायचं. मी शाळेतून यायचे तेव्हा आमच्या मजल्यावर सोंगट्या ढवळल्याचा खळखळाट चालू असायचा. खालचे लोक विचारायचे, तुमच्याकडच्या बायका दुपारभर भांडी का घासतात.

एकदा चीनच्या समुद्रात मोठं वादळ झालं आणि काकांच्या बोटीचा बरेच दिवस पत्ता नव्हता. मी लहान होते, पण तेवढं आठवतं. त्या दिवसांत चौघींनी एकही दुपार चुकवली नाही. आईने एकदा घाबरत म्हटलं, शीला, आज राहू दे. काकू म्हणाल्या, "राहू दिलं तर मी काय करू?"

काका त्या वेळी सुखरूप आले. ते गेले खूप पुढे, म्हातारपणी, घरच्या अंथरुणात. मग माझी आई गेली, बाकीच्या दोघी मुलांकडे राहायला गेल्या, डाव मोडला आणि पेटी माळ्यावर चढली.

शिवानीला यातलं काहीच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये माहजोंगचे क्लास निघाले आणि ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर तिनेही नाव घातलं. हल्ली ठाण्या-मुंबईत हे वेड पसरलंय. गुलाबी, पोपटी सोंगट्या, कॅफेत मांडलेली टेबलं, पंचविशीतल्या मुली आणि त्यांच्या आज्या एकत्र खेळतायत असे व्हिडिओ. दिवाळीला आली तेव्हा तिने सासूला हा नवीन गेम अर्धा तास समजावून सांगितला. काकूंनी "हो का" म्हणून ऐकून घेतलं. नंतर मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, तिला माझ्याशिवायचं काहीतरी असू दे.

तर ही सासू आणि ही सून आता एका फ्लॅटमध्ये, दिवसरात्र एकत्र. कंपनीच्या माणसाने बजावलं होतं की पेपरवाल्यांशी बोलायचं नाही, नेटवर काही टाकायचं नाही, बोलणी नाजूक आहेत. आठवड्यातून एकदा तो फोन करायचा आणि तेच पुन्हा सांगायचा. मधले दिवस कोरडे. शिवानी घरून काम करायला लागली होती. कुरियरवाल्याचा फोन आला तरी ती ताडकन उभी राहायची. सान्वीला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं माहीत होतं. ती बाथरूमची कडी लावून आत फोनवर बातम्या बघायची.

काकू मात्र वेळच्या वेळी कुकर लावायच्या, सान्वीची वेणी घालायच्या, संध्याकाळी दिवा लावायच्या. शिवानीला ते बघवेना. एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तुम्हीच पाठवलंत त्याला बोटीवर. तो नको म्हणत होता, मला सांगितलंय त्याने."

"हो," काकू म्हणाल्या. "मीच पाठवलं."

शिवानीला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून ती आणखी चिडली आणि दोन दिवस बोलली नाही. त्याच दोन दिवसांत काकूंचा मला फोन आला. माळ्यावरची तपकिरी पेटी आहे ना, ती घेऊन ये.

मी गेले. घोडबंदरला नेहमीसारखा ट्रॅफिक, बस मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि मांडीवर ती जड पेटी. पोचले तेव्हा काकूंनी डायनिंग टेबलावर चादरही न घालता ती उघडली. आवाज ऐकून शिवानी कानातला हेडफोन काढत बाहेर आली.

"हे कुणाचं?"

"माझं."

शिवानीने एक सोंगटी उचलली. वर्षानुवर्षं बोटं फिरून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. "म्हणजे तुम्हाला येतो. आणि मी दिवाळीत तुम्हाला शिकवत होते." तिचा आवाज चढला. "सलिल तिकडे बंदुकीसमोर आहे आणि आपण इथे गेम खेळायचा?"

काकू म्हणाल्या, "तुझी पोर बाथरूममध्ये बसून काय बघते, माहितेय तुला? तिचे हात कशात तरी गुंतले पाहिजेत. माझेही. तू नको बसूस."

शिवानी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला वाटलं, पेटी आता माझ्याबरोबरच परत यायची. पण सान्वी खुर्ची ओढून बसली होती.

पहिल्या दिवशी मी बसले. मग खालच्या मजल्यावरच्या मिसेस दास यायला लागल्या. त्यांनी लिफ्टमध्ये सान्वीच्या हातातली सोंगटी बघूनच ओळखलं. त्या कोलकात्याच्या, बालपण तिरेट्टा बाजाराजवळ गेलेलं, शेजारच्या चिनी कुटुंबाकडे हा खेळ शिकलेल्या. साठ वर्षांत मराठी माणसाच्या घरात माहजोंग पहिल्यांदा बघतेय, असं म्हणाल्या. तरी चौथं माणूस रोज मिळेना. तिघींत डाव नीट होत नाही, कुणीतरी चुकतं, मग वाद. असाच एक वाद चालू असताना शिवानी खोलीतून बाहेर आली, रिकाम्या जागी बसली आणि म्हणाली, "आमच्या क्लासमध्ये असं नव्हतं."

तिचे नियम अमेरिकन, दासबाईंचे कोलकात्याचे, काकूंचे हाँगकाँगहून बोटीने कोपरला आलेले. त्यावर दोन दुपारी चांगली वादावादी झाली. त्या घरात कितीतरी दिवसांनी बोटीव्यतिरिक्त कशावर तरी बोलणं झालं होतं.

जहाजावरच्या लोकांच्या घरच्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. खलाशांत आपले लोक होते, फिलिपिनो होते, थोडे चिनी. ग्रुपवर जोडलेले हात आणि 'काही कळलं का' याखेरीज काही नसायचं. एके दिवशी काकूंनी सान्वीला मांडलेल्या डावाचा फोटो काढायला लावला आणि ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने फिलिपिन्समधून एक फोटो आला. लूर्डस नावाच्या बाईंचा. त्यांचा मुलगा त्याच जहाजावर थर्ड ऑफिसर. अंगणात प्लास्टिकचं टेबल, हिरव्या पाठीच्या मोठ्या सोंगट्या, तीन म्हाताऱ्या आणि एक लहान मुलगी. मग जहाजावरच्या चिनी कुकच्या मुलीने तिच्या घरच्या टेबलाचा पाठवला. लूर्डसने खाली लिहिलं होतं, माझा मुलगा आणि तुमचा मुलगा जहाजावर एकत्र खेळतात. हे काकूंनाही नवीन होतं. त्या दिवसापासून तिन्ही देशांतून रोज दुपारचे फोटो यायला लागले. कुणी फार लिहायचं नाही. सोंगट्या मांडल्यात, एवढंच कळायचं.

आणि मग त्यातला एक फोटो बाहेर फुटला. कुणी दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका न्यूज पोर्टलवर काकू, शिवानी आणि सान्वी टेबलाभोवती, आणि वर मथळा: 'जहाजावर ओलीस, घरी जुगार'. संध्याकाळपर्यंत तो टॉवरच्या ग्रुपवर फिरला. लिफ्टमध्ये शिवानी शिरली की बोलणी थांबायची. ऑफिसातल्या एकीने फोन करून 'काळजी घे' म्हटलं, ते कशाबद्दल ते शिवानीला कळलं.

कंपनीच्या माणसाचा फोन आला. या वेळी त्याच्या आवाजात नेहमीचा मऊपणा नव्हता. तो म्हणाला, समोरच्यांनी हे पाहिलं तर त्यांना वाटेल, या बायकांना आपल्या माणसांची पर्वा नाही, मग त्या माणसांना ठेवून आम्हाला काय फायदा. वाक्य तिथेच सोडून त्याने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

शिवानीने तो फोटो काकूंसमोर धरला. "तुम्ही पाठवलात."

"हो."

"त्यांनी बघितला असेल तर?"

काकूंनी पेटी बंद करायला घेतली आणि त्यांना कडी लावता येईना. रात्रभर त्या हॉलमध्ये बसून होत्या. सकाळी मला फोन केला. "मला न्यायला ये. माझ्यामुळे पोराला काही झालं तर मी इथे कुठल्या तोंडाने राहू?"

इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी पोचले तेव्हा त्यांची पिशवी आणि पेटी दारात तयार होती. शिवानी लॅपटॉपसमोर पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. काकू चप्पल घालत होत्या तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. लूर्डस.

दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. लूर्डसचं इंग्रजी मोडकं, काकूंचं त्याहून मोडकं. ती बाई रडून सुजली होती. तिने फोन फिरवून टेबल दाखवलं. सोंगट्यांच्या भिंती रचलेल्या, बाकीच्या बायका डाव सुरू न करता हात मांडीवर घेऊन थांबलेल्या. "वी वेट," ती म्हणत राहिली. "वी वेट." काकू नुसत्या "यस, यस" म्हणत मान हलवत होत्या.

शिवानी कधी उठून मागे उभी राहिली ते मला कळलं नाही. कॉल संपल्यावर तिने दारातली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"आई, तुम्ही गेलात तर मला नाही जमणार," ती म्हणाली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, काकूंनीही विचारलं नाही. त्या दुपारी पडदे ओढून घेतले आणि आम्ही बसलो. फोटो कुणी काढला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी डाव चालू असताना परदेशी नंबरवरून फोन आला. शिवानीने स्पीकर लावला. सलिल होता. तो इंग्रजीत बोलत होता, समोर धरलेला कागद वाचावा तसा. आम्ही ठीक आहोत, कंपनीने लवकर ऐकावं, उशीर झाला तर बरं होणार नाही. मागून कुणीतरी दरडावत होतं. शिवानीच्या तोंडून "सलिल, सलिल" याशिवाय काही निघेना. काकू फोनवर वाकल्या आणि मराठीत म्हणाल्या, "जेवतोस का?"

तेव्हा त्याचा खरा आवाज आला. "हो आई. सान्वीला सां—"

काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

दासबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. सान्वीने मूठ इतकी घट्ट आवळली होती की आतल्या सोंगटीची कड तळव्यात रुतली होती. शिवानीने त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावला, तो लागलाच नाही. शेवटी काकूंनी सान्वीची बोटं एकेक करून उघडली. "तो हो म्हणाला," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी? हो म्हणाला."

सुटकेची बातमी आली ती पंधरवड्याने, कंपनीच्या त्याच माणसाकडून. नौदलाचं जहाज त्यांना बंदरात घेऊन येत होतं, सगळे जिवंत होते. शिवानी जिथे उभी होती तिथेच फरशीवर बसली. काकू बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला आणि मोठ्याने रडल्या. नळाच्या आवाजातही ते ऐकू येत होतं. शिवानी उठून त्या दाराबाहेर उभी राहिली, त्या बाहेर येईपर्यंत.

सलिल घरी आला तो अर्धा होऊन. त्याच्याकडून कळलं की तिकडे कुणी कसलाही फोटो पाहिला नव्हता. बंदूकवाल्यांना घरच्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मधले दोन आठवडे कंपनीचे फोन आले नाहीत कारण बंदूकवाल्यांच्या बाजूने बोलणी करणारा माणूस बदलला होता. हे ऐकून शिवानी हसायला लागली आणि बराच वेळ थांबेना. ते हसणं काही बरं नव्हतं.

पहिल्या रविवारी दासबाई मिठाई घेऊन आल्या. बाबाला आपण काय शिकलो ते दाखवायचं म्हणून सान्वीने पेटी टेबलावर उपडी केली. सोंगट्या खळाळत पसरल्या आणि सलिल उठून थेट घराबाहेर गेला. काकू मागोमाग गेल्या. तो जिन्याच्या पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसला होता.

"आई, तो आवाज," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. चिनी कुकची पेटी जहाजावर होती. संध्याकाळी घोंगडी अंथरून तो, कुक आणि आणखी दोघं असे चौघं खेळायचे, अजिबात आवाज न करता, कारण आवाज झाला की पहारेकरी बिथरायचे. एकदा सलिलच्या हातून सोंगटी निसटून लोखंडी जमिनीवर पडली. पहारेकऱ्याला वाटलं, हा काहीतरी इशारा आहे. त्याने सगळ्यात जवळ बसलेल्याच्या कानशिलावर बंदुकीचा दस्ता घातला. जवळ बसला होता लूर्डसचा मुलगा. आता त्याला त्या कानाने ऐकू येत नाही.

"तिला माहितेय?" काकूंनी विचारलं.

"नाही. तो म्हणाला, पडलो म्हणून सांगेन. माझं नाव घेणार नाही म्हणाला."

"तू सांग तिला."

"काय सांगू?"

"माझ्या हातून पडली म्हणून. एवढंच."

त्याला ते जमायला बरेच दिवस लागले. फोन केला तेव्हा काकू शेजारी बसल्या होत्या. लूर्डसने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तिच्याकडून फोटो येणं बंद झालं. काकू रोज दुपारी फोन उघडून बघायच्या आणि पालथा घालून ठेवायच्या. मला म्हणाल्या, मी असते तिच्या जागी तर मीही ठेवला असता. शिवानी त्यांना म्हणाली, सांगायला लावायला नको होतं. काकूंनी तेही ऐकून घेतलं. पण आपण चुकलो असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मग एका दुपारी फोटो आला. तेच अंगण, तेच प्लास्टिकचं टेबल. एका म्हातारीच्या जागी लूर्डसचा मुलगा बसला होता, मान किंचित वळवलेली, जो कान चालतो तो आईच्या बाजूला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. सलिलने तो फोटो बोटांनी मोठा करून, पुन्हा लहान करून, कितीतरी वेळ पाहिला.

शीलाकाकू आता परत कोपरला आहेत, पेटीसकट. सलिल बोटीवर गेला नाही. मानपाड्याला एका वर्कशॉपमध्ये काम धरलंय. दर रविवारी शिवानी आणि सान्वी काकूंकडे येतात, चौथी मी. सासू-सुनेचे नियम अजून जुळलेले नाहीत. आजी किंवा आई, ज्या दिवशी जिचे नियम जिंकवतील त्या दिवशी सान्वी तिचे नियम धरते.

सलिल त्यांना घेऊन येतो, पण काकूंच्या घरात बसत नाही. समोर आमच्याकडे येऊन माझ्या नवऱ्याबरोबर क्रिकेट बघतो. इकडे सोंगट्या ढवळायला लागल्या की तिकडे टीव्हीचा आवाज वाढतो. काकू तो ऐकतात आणि सोंगट्यांची भिंत रचत राहतात. मागच्या रविवारी मी पाणी आणायला घरी गेले, तर मॅच चालू होती आणि रिमोट त्याच्या हातात होता. त्याने आवाज वाढवलेला नव्हता. कपाळावर घाम होता, पण तो बसून होता. मी बाटली भरून घेतली आणि डावावर परत आले.